काढलेला पोचा परत का दिसतो? घरी गाडीचे छोटे पोचे काढताना

मागच्या डाव्या दारावरचा एक पोचा मी तीन वेळा काढला. सक्शन कप लावला, ओढला, पत्रा ‘टप्’ करून बाहेर आला, आणि दर खेपेला पाच-सहा दिवसांत त्याच जागी पुन्हा सावली दिसू लागली. गाडी आठ वर्षांची, रुपेरी हॅचबॅक. पोचा तळहाताएवढा, मधोमध तीन-चार मिलिमीटर खोल, आणि रंग कुठेही फुटलेला नाही. अशा पोच्यासाठी गॅरेजमध्ये अख्खं दार रंगवायला सांगतात. मला ते नको होतं, कारण कारखान्यात भट्टीत भाजलेला मूळ रंग एकदा गेला की गेला. बाहेर कितीही चांगलं काम झालं तरी तो टिकाऊपणा येत नाही. चौथ्या खेपेला पोचा गेला तो आलाच नाही. मधल्या काळात सोसायटीत आणि नातेवाइकांत ‘आमचाही परत आला’ म्हणणारे बरेच भेटले आणि जवळजवळ प्रत्येकाचं कारण वेगळं निघालं. म्हणून सगळं एका जागी लिहितो आहे.

आधी ठरवा: परत आला, गेलाच नव्हता, की नवीन आहे?

या तीन गोष्टींचे उपाय वेगळे आहेत, आणि नुसत्या डोळ्यांनी त्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. दुपारी उन्हात डोक्यावरून प्रकाश येतो तेव्हा उथळ पोचा दिसतच नाही. संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की तोच ठळक होतो. रुपेरी आणि पांढऱ्या गाडीत तो लपतो, काळ्या गाडीत काहीच लपत नाही. माझ्या पहिल्या दोन खेपांना पोचा ‘गेला’ असं मी भर दुपारी ठरवलं होतं. खरं तर तो निम्माच गेला होता.

पार्किंगमधली ट्यूबलाइट हे इथे सगळ्यात उपयोगी अवजार. दार ओल्या फडक्याने पुसा, गाडीच्या एका टोकाला उभं राहून पत्र्यावर ट्यूबचं प्रतिबिंब बघा आणि डोकं हळूहळू हलवा. सपाट जागी ती रेघ सरळ सरकते. पोच्यावरून जाताना चिमटते किंवा वाकते. ट्यूब नसेल तर पांढऱ्या पुठ्ठ्यावर एकेक सेंटिमीटरवर मार्करने काळ्या रेघा ओढा आणि तो पत्र्यासमोर धरा. दुसरी तपासणी हाताची: पातळ सुती फडकं पसरून त्यावरून तळहात फिरवायचा. उघड्या बोटांना जे कळत नाही ते फडक्यातून कळतं, विशेषतः उंचवटे.

मग पोच्याच्या चार बाजूंना मास्किंग टेपचे तुकडे लावा, त्यावर तारीख लिहा, त्याच ट्यूबखाली एक फोटो काढा आणि जमिनीपासूनची उंची टेपने मोजून ठेवा. उंची मोजायचा कंटाळा करू नका. माझं अर्धं उत्तर त्या आकड्यात होतं, ते शेवटी सांगतो.

कडेचा उंचवटा: खरा गुन्हेगार हाच

गाडीचा बाहेरचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. त्याला धक्का बसतो तेव्हा मधला भाग आत जातो आणि त्याच वेळी पोच्याच्या भोवती एक बारीक कड वर येते. मधल्या बऱ्याचशा पत्र्याला अजून आपल्या मूळ जागी परतायचं असतं, तो लवचिक असतो; पण ही वर आलेली कड कायमची वाकलेली असते आणि ती मधल्या भागाला आत अडकवून धरते. आपण सक्शन कपने मधला भाग ओढला की तो बाहेर येतो, पण कड तशीच. दार दोन-चारदा आपटलं, गाडी उन्हात तापली, रात्री गार झाली, की कड त्याला पुन्हा आत खेचते. वर हेही आहे की दर वेळी वाकताना पत्रा थोडा थोडा कडक होत जातो. म्हणजे तेच तेच ओढत राहिल्याने काम सोपं होत नाही, अवघड होत जातं.

पोचा हा शब्दच आपण मुळात भांड्यांसाठी वापरत आलो. पुण्याच्या तांबट आळीत पातेलं मठारताना ज्यांनी पाहिलं असेल त्यांना पुढचं लगेच पटेल: असंख्य हलके ठोके, जोराचा एकही नाही, आणि हात सतत गोल फिरत राहतो. गाडीच्या पोच्याचंही तसंच आहे. कड बसवायची ती बारीक ठोक्यांनी, आणि मधला भाग ओढलेला असतानाच.

मी शेवटी केलं ते असं. ग्लू पुलर किट आणलं. त्यात प्लास्टिकचे वेगवेगळ्या आकाराचे टॅब, ओढायचा छोटा पूल, ग्लू गन आणि एक नायलॉनची बोथट ठोकणी असते. सकाळी सातला, सावलीत सुरुवात केली. जागा शाम्पूने धुऊन कोरडी केली आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, म्हणजे जुन्या पॉलिशचा मेणचटपणा निघून जातो. हा टप्पा गाळला तर टॅब ओढताक्षणी सुटतो आणि आपण सरसाला दोष देतो. टॅबवर गरम सरस घालून पोच्याच्या मध्यावर ठेवला, दोन-तीन मिनिटं गार होऊ दिला. पूल बसवून मळसूत्र पाव-पाव फेरा पिळत गेलो. थोडा ताण आला की थांबायचं, आणि ताण तसाच ठेवून कडेवर नायलॉनच्या ठोकणीने हलके ठोके मारायचे. ठोकणीवर मारायला लहान हातोडी चालते, पण मनगटातूनच. कोपरातून हात आला की ठोका जड होतो. बाहेरच्या कडेपासून सुरुवात करून वर्तुळ लहान करत आत यायचं. एक फेरी झाली की पुन्हा पाव फेरा ताण.

टॅब काढताना उपटायचा नाही. कडेने अल्कोहोल सोडा, अर्धा मिनिट थांबा, तो आपसूक सुटतो. मग ट्यूबलाइटची रेघ बघा. मला सात टॅब लागले आणि दीड तास गेला. एका ओढीत पोचा काढायची घाई केली तर मध्ये टेंगूळ येतं. ते खाली बसवता येतं, पण त्यात पत्रा आणखी ताणला जातो. शेवटचा अर्धा मिलिमीटर राहू दिला तरी चालेल.

ऊन अंगावर असताना हे करू नका. मे महिन्यात गडद रंगाची गाडी उन्हात हात ठेववणार नाही इतकी तापते. तिथे सरस घट्टच होत नाही. उलट थंडीच्या पहाटे सरस ठिसूळ होतो, तेव्हा पत्रा हेअर ड्रायरने कोमट करून घ्यावा.

आतून हात पोचत असेल, उदाहरणार्थ पुढच्या फेंडरला चाकावरचं प्लास्टिकचं अस्तर काढून, किंवा डिकीच्या झाकणाला, तर आतून दाबणं सरसापेक्षा चांगलं. लाकडाचा गोल केलेला, कापड गुंडाळलेला तुकडा वापरा, आणि दाबताना दुसरा हात बाहेर ठेवा म्हणजे आपण नक्की कुठे दाबतोय ते कळतं. दाराच्या बाबतीत मात्र आतलं पॅड उघडण्याआधी विचार करा. पॅडच्या मागे प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो; तो नीट परत चिकटला नाही तर पहिल्याच पावसात पाणी गाडीच्या आत, पायाखाली येतं. आत आडवा पोलादी दांडा असतो, काचेची यंत्रणा असते, आणि काही गाड्यांत दारातच एअरबॅगचा सेन्सर असतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढल्याशिवाय तिथल्या वायरिंगला हात लावू नये.

टकटक वाजणारा पत्रा

कोकणात घरी गेलो असताना माडाची एक झावळी गाडीच्या टपावर पडली. ओली झावळी किती जड असते हे माहीत असूनही सावली बघून गाडी तिथेच लावली होती. टपाला मोठा, उथळ पोचा आला. आतून हाताने दाबला, लगेच बाहेर आला. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता ‘टण्’ असा आवाज होऊन तो आपणहून आत गेला, संध्याकाळी पुन्हा बाहेर. हा प्रकार वेगळा आहे. इथे पत्रा धक्क्याने ताणला जाऊन किंचित वाढलेला असतो. त्या जादा पत्र्याला बसायला जागा नसते, म्हणून तो कधी आत तर कधी बाहेर उडी मारतो. तेलाच्या जुन्या डब्याचा तळ दाबून बघा, तसंच.

टपाच्या आणि बॉनेटच्या बाबतीत आणखी एक कारण असतं. पत्र्याच्या खाली आधाराच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्यामध्ये रबरासारख्या चिकट पदार्थाचे ठिपके लावलेले असतात. धक्क्याने ते ठिपके सुटले तर पत्रा मोकळा होतो आणि वेगात गाडी चालवताना थरथरतो. बॉनेट उघडून आतल्या सांगाड्याच्या फटीत बघितलं तर सुटलेला ठिपका दिसतो. टपाला ते घरी बघता येत नाही, कारण छताचं अस्तर खाली घ्यावं लागतं आणि बऱ्याच गाड्यांत कडेने पडद्यासारख्या एअरबॅग असतात. टप मी रंग न लावता पोचे काढणाऱ्या कारागिराकडे दिला. त्याने अस्तर थोडं खाली घेऊन लांब वाकड्या सळ्यांनी दोन तास आतून दाबलं, बाहेरून कडा बसवल्या, एक सुटलेला ठिपका पुन्हा चिकटवला. तेव्हापासून आवाज नाही. पत्रा टकटकत असेल तर घरी ओढाओढ करू नका, एवढंच माझं मत.

बंपर

बंपर प्लास्टिकचा असतो, बहुतेक गाड्यांत पॉलिप्रोपिलीनचा, आणि त्याला वर लिहिलेलं काहीही लागू नाही. इथे उकळतं पाणी खरोखर चालतं. दोन-तीन लिटर पाणी उकळून पोच्यावर हळूहळू ओता, चाकाच्या बाजूने किंवा खालून हात घालून आतून दाबा आणि बाहेर आल्यावर तसाच धरून ठेवत वरून गार पाणी ओता. हातात जाड मोजे, मुलं लांब, आणि पार्किंग सेन्सरच्या डोळ्यावर उकळतं पाणी नाही.

परत आत जातो त्याची कारणं तीन. पहिलं, प्लास्टिक पुरतं गार होण्याआधी हात सोडला. दुसरं, बाजूची क्लिप तुटली आहे, त्यामुळे बंपरला ओढून धरणारं कोणी नाही. दोन्ही बाजूंची फट समान आहे का बघा. तिसरं कारण महत्त्वाचं: आतला ब्रॅकेट किंवा लोखंडी आडवा भाग वाकला आहे आणि तोच बंपरला आत खेचतोय. तसं असेल तर गाडी उघडून दाखवावी, कारण पुढच्या धक्क्यात जीव वाचवणारा भाग तो असतो. प्लास्टिकला पांढरी रेघ पडलेली दिसली तर तिथली घडी पूर्ण कधीच जाणार नाही, हे आधीच मान्य करावं.

हेअर ड्रायर, बर्फ, डिओ

हेअर ड्रायरने पत्रा मऊ होतो आणि पोचा बाहेर येतो, असं सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. ड्रायरने पत्रा फार तर साठ-ऐंशी अंशांपर्यंत तापतो. पोलाद मऊ पडायला कित्येकशे अंश लागतात. ड्रायरचा खरा उपयोग एवढाच की रंग थोडा लवचिक होतो आणि ओढताना तडकत नाही. तापवून एकदम गार केल्यावर मोठा उथळ पोचा कधी कधी ‘टप्’ करून निघतो हे खरं. तो आधीच बाहेर यायच्या बेतात असतो, आणि बहुधा तोच पुढच्या आठवड्यात परत आलेला दिसतो, कारण कड बसवलेलीच नसते.

गार करण्यासाठी डिओचा डबा उलटा धरून फवारणं तर करूच नका. त्यातला वायू पेट घेणारा असतो आणि शेजारी तुम्ही ड्रायर चालू ठेवलेला असतो. कोरड्या बर्फाचं (ड्राय आइसचं) तापमान उणे अठ्ठ्याहत्तर अंश असतं. तो त्वचा जाळतो आणि रंगाला बारीक तडे पाडू शकतो.

आत पुट्टी असेल तर

जुनी घेतलेली गाडी असेल तर हे आधी तपासा. फ्रिजवरचा लहान चुंबक पातळ कापडात गुंडाळून त्या जागी आणि शेजारी लावून बघा. शेजारी घट्ट धरतो आणि पोच्यावर सैल किंवा धरतच नाही, तर तिथे आधीच कोणीतरी पुट्टी भरलेली आहे. (चुंबक अख्ख्या भागावर कुठेच धरत नसेल तर तो भाग प्लास्टिकचा किंवा अॅल्युमिनियमचा.) घाईत जाड थर दिलेली पुट्टी सुकताना आक्रसते, महिन्या-दोन महिन्यांनी खाली बसते आणि तिथे पोचा ‘परत आला’ असं वाटतं. अशा जागी सरसाचा टॅब लावून ओढलात तर पुट्टी आणि रंग दोन्ही टॅबबरोबर निघून येतील. माझ्या मेहुण्याच्या गाडीचा हाताएवढा रंग असा गेला. एकदा रंगवलेल्या कुठल्याही भागावर सरस लावण्याआधी दहा वेळा विचार करावा.

रंग तडकला असेल

मग पोच्यापेक्षा तडा महत्त्वाचा. कारखान्यातला सगळा रंग मिळून जेमतेम एकदशांश मिलिमीटर जाड असतो. त्याला केसाएवढी चीर पडली तरी पाणी पत्र्यापर्यंत जातं. किनाऱ्यालगत, खाऱ्या हवेत, एका पावसाळ्यात तिथे गंज फुगून रंगाचा फोड येतो. चीर बारीक असेल तर जागा साफ करून कोरडी करा, टचअपचा रंग ब्रशच्या टोकाने भरा, सुकल्यावर वरून क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, द्या. रंगाचा कोड बहुतेक गाड्यांत दाराच्या चौकटीवरच्या किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. ‘रुपेरी’ एवढंच सांगून मिळालेला रंग जुळत नाही. मे महिन्याच्या आत हे उरकावं.

घडीसारखा तीक्ष्ण पोचा, दाराच्या अगदी कडेचा, किंवा पत्र्याची डिझाइनची रेघ जिथे आहे तिथला पोचा घरी काढू नये. तिथे पत्रा दुहेरी असतो किंवा मुद्दाम कडक केलेला असतो, आणि आपण ओढलं की रेघच वाकडी होते.

विम्यात घालावा का?

छोट्या पोच्यासाठी सहसा नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, दावा नसलेल्या सलग वर्षांप्रमाणे २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के होतो, आणि एक दावा केला की पुढच्या नूतनीकरणाला शून्यावर येतो. समजा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता ६००० रुपये आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर आहात. दावा केल्यावर पुढची पाच वर्षं ५० ऐवजी ०, २०, २५, ३५, ४५ टक्के मिळणार. हप्ता तेवढाच धरला तरी फरक जोडून ७५०० रुपये जातात. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर दाव्याला १००० रुपये आपल्या खिशातून, त्यावरच्या गाडीला २०००. बोनस राखणारी पुरवणी घेतलेली असेल तर हिशोब वेगळा. पॉलिसी उघडून बघा.

तो उंचीचा आकडा

आता माझ्या दाराकडे. चौथ्या खेपेनंतर कड बसली, महिनाभर रेघ सरळ राहिली. मग एके दिवशी पुन्हा पोचा. टेपचे तुकडे तसेच होते म्हणून लगेच कळलं की हा त्या जागेपासून दोन बोटं मागे आहे, म्हणजे जुना परतलेला नाही, नवीन आहे. जमिनीपासून मोजलं तर जुना आणि नवा दोन्ही ९४ सेंटिमीटरवर. शेजारच्या जागेत उभ्या असलेल्या स्कूटरच्या हँडलचं टोक मोजलं: साइड स्टँडवर, बरोबर तेवढंच. साइड स्टँडवर स्कूटर डावीकडे कलते, आणि तिच्या डावीकडे माझं दार. कोणी अरुंद जागेतून आपली गाडी काढताना तिला धक्का लावला की हँडल थेट पत्र्यावर टेकत होतं.

स्कूटर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची. त्यांना टेप दाखवून सांगितलं, तर त्यांनाच वाईट वाटलं; डबल स्टँड त्यांना एकटीला लागत नाही म्हणून त्या साइड स्टँड लावायच्या. आता त्या स्कूटर उलट तोंडाने लावतात, म्हणजे कल भिंतीकडे जातो, आणि मी घरी असलो तर डबल स्टँड लावून देतो. गाडी मी खांबाच्या बाजूला वीतभर सरकवून लावतो, खांबाला जुन्या टायरचा तुकडा बांधला आहे. दोन बोटं मागचा तो पोचा पाच टॅबमध्ये निघाला. टेपचे तुकडे अजून काढलेले नाहीत, दर रविवारी गाडी धुताना ट्यूबखाली एकदा रेघ बघतो.